व्यसनशास्त्राच्या अभ्यासकास इतिहासाचीं साधनें

१. प्रयोजन

पुण्याच्या दक्षिणेस साताऱ्याच्या वाटेवर कात्रज आहे. इतिहासाच्या वाचकांस हें नांव दोन कारणांनीं परिचित आहे: एक तेथील घाट, आणि दुसरें नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत तेथील तलावाचें पाणी ज्या नळानें शहरांत आणलें तो नळ. धनकवडी-कात्रजच्या बाजूस भारती विद्यापीठाचीं वैद्यकाचीं व आयुर्वेदाचीं महाविद्यालयें उभीं राहिल्यापासून त्या परिसरांत विद्यार्थ्यांची मोठी वस्ती झाली आहे. तेथें राहणारा एक विद्यार्थी अमली पदार्थांच्या व्यसनाच्या शास्त्रावर प्रबंध लिहीत आहे. प्रबंधाच्या ऐतिहासिक प्रस्तावनेचा खर्डा त्यानें आमच्याकडे तपासण्यास पाठविला. त्यांत मुख्य विधानें तीन होतीं. पहिलें असें कीं, पूर्वीं आपल्याकडे व्यसन हें केवळ पाप समजलें जाई, शरीराचा विकार म्हणून त्याचा विचार झालाच नाहीं. दुसरें असें कीं, व्यसनी मनुष्याला प्रत्यक्ष पाहून, मोजून-मापून लिहिण्याची रीत विसाव्या शतकांतील प्रयोगशाळांनीं सुरू केली. तिसरें असें कीं, शिक्षा करावी कीं उपचार करावा हा वाद केवळ आधुनिक आहे.

हीं विधानें त्या एकट्या विद्यार्थ्याचीं नव्हेत. तीं अनेकांच्या बोलण्यांत येतात. प्रस्तावना चुकल्यानें प्रयोगशाळेंतील प्रयोग बिघडत नाहीं हें खरें. परंतु अशा प्रबंधांच्या आधारेंच पुढें कोणाला रुग्णालयांत घ्यावें आणि कोणाला तुरुंगांत धाडावें याविषयीं मतें बनतात. म्हणून या तीन विधानांची उपलब्ध साधनांशीं ताडून परीक्षा करावी, असें आम्हांस वाटलें. तीच परीक्षा पुढें दिली आहे.

२. शब्दांची साक्ष

प्रथम शब्द पाहूं. ‘व्यसन’ हा शब्द ‘वि’ या उपसर्गासह ‘अस्’ म्हणजे फेंकणें या धातूपासून झाला आहे. मनुष्याला त्याच्या कल्याणापासून जें दूर फेंकून देतें तें व्यसन, असा त्याचा अर्थ कौटिल्य करतो. त्याच्या अर्थशास्त्राचें आठवें अधिकरण व्यसनांचेंच आहे. पण त्यांत राजाचें, अमात्याचें, दुर्गाचें, कोशाचें असें राज्याच्या प्रत्येक अंगाचें व्यसन सांगितलें आहे. म्हणजे तेथें व्यसन याचा अर्थ संकट. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत कामापासून उत्पन्न होणारीं दहा व क्रोधापासून उत्पन्न होणारीं आठ व्यसनें मोजलीं आहेत. त्यांत मद्यपान आहे, द्यूत आहे, तशीच मृगया आहे, दिवसा झोंपणें आहे, आणि नृत्य-गीत-वाद्यहि आहे. शिवाय हें प्रकरण राजधर्माचें आहे. ज्याच्या हातीं प्रजेचें हित आहे त्यानें कशाच्या नादीं लागूं नये, हें सांगण्याचा तेथें हेतु आहे. अफूच्या आहारीं गेलेल्या एखाद्या गरीब मनुष्याच्या देहाचें काय होतें, हा प्रश्न त्या ग्रंथकाराच्या पुढें नव्हता.

तेव्हां ‘व्यसन’ हा शब्द घेऊन जो जुन्या ग्रंथांत शिरेल त्याला नीतीचा व राजकारणाचा उपदेशच सांपडेल, आणि ‘पूर्वीं हें केवळ पाप होतें’ असा त्याचा समज होईल. आमच्या विद्यार्थ्याचें असेंच झालें. वैद्यकाच्या ग्रंथांत या विषयाचा शब्द निराळा आहे. तो शब्द ‘सात्म्य’. जें शरीराच्या अंगवळणीं पडलें तें सात्म्य. आणि जें मूळचें हितकर नसतांहि केवळ नित्य सेवनानें अंगवळणीं पडलें तें ‘ओकसात्म्य’.

मराठींत तिसरा एक शब्द आहे, ‘अंमल’. तो अरबींतून आला. राज्याचा अंमल व भांगेचा अंमल, दोहोंस आपण एकच शब्द वापरतों, आणि आजच्या सरकारी मराठींत ‘अमली पदार्थ’ ही संज्ञा त्याच शब्दावरून रूढ झाली आहे. व्यसन, सात्म्य आणि अंमल या तीन शब्दांत तीन दृष्टि आहेत. पहिला शब्द दोष दाखवितो, दुसरा शरीराची स्थिति सांगतो, आणि तिसरा, हुकमत कोणाची चालते तें सांगतो. अभ्यासकानें हे तीन शब्द एकमेकांत मिसळूं देऊं नयेत.

३. वैद्यकांतील सात्म्यविचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायांत या विषयाचा कळीचा विचार आहे. अंगवळणीं पडलेली अहितकर गोष्ट शहाण्या मनुष्यानें क्रमानें सोडावी, आणि हितकर गोष्टीचें सेवनहि क्रमानेंच वाढवावें, असें तेथें सांगितलें आहे. क्रम कोणता, तर एकेका पादांशाचा. आणि दोन पायऱ्यांमधील अंतर प्रथम एक दिवसाचें, पुढें दोन व तीन दिवसांचें असें वाढवीत न्यावयाचें. पुढें वाग्भटानें अष्टांगहृदयांत हाच नियम अधिक स्पष्ट केला. संवयीचें अपथ्य चतुर्थांशानें, किंवा चतुर्थांशाच्याहि चतुर्थांशानें, म्हणजे सोळाव्या हिश्शानें, सोडीत जावें असें तो म्हणतो. कारणहि तो देतो. अपथ्य झालें तरी तें एकाएकीं सोडल्यास, आणि पथ्य झालें तरी तें एकाएकीं सुरू केल्यास, सात्म्य बिघडून विकार उत्पन्न होतात.

येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, जी वस्तु वाईट आहे असें वैद्य स्वतः म्हणतो, तीच एकदम काढून घेतल्यानें रोग होतो हेंहि तोच सांगतो. वस्तु वाईट असणें वेगळें आणि शरीर तिच्यावर अवलंबून असणें वेगळें, हा भेद त्याला ठाऊक होता. आजचे डॉक्टर अफूच्या जातीच्या औषधांची मात्रा ठराविक अंतरानें थोडी थोडी उतरवीत नेतात, त्याच्या बुडाशीं हाच भेद आहे.

चरकाच्या चिकित्सास्थानांत मदात्ययाचा म्हणजे मद्यापासून होणाऱ्या विकारांचा स्वतंत्र अध्याय आहे, तो चोविसावा. त्याच्या अखेरच्या भागांत ध्वंसक व विक्षय या दोन विकारांचें वर्णन येतें. ज्यानें मद्य कांहीं काळ सोडलें होतें, त्यानें एकाएकीं पुन्हां अतिशय मद्य घेतलें असतां हे विकार होतात. ध्वंसकांत घसा व तोंड सुकतें, आवाज सहन होत नाहीं, तंद्री व झोंप फार येते. विक्षयांत वांति, ताप, तहान, अंगदुखी, शिरःशूल हीं लक्षणें होतात. म्हणजे व्यसनाला ‘सुटणें’ आणि ‘पुन्हां जडणें’ अशी गति आहे, आणि पुन्हां जडण्याचा क्षण विशेष धोक्याचा असतो, हें या वैद्यांनीं रुग्ण पाहूनच ओळखलें असलें पाहिजे.

परंतु येथेंच अभ्यासकास सावधहि केलें पाहिजे. आपल्या पूर्वजांना सर्व कांहीं ठाऊक होतें असें म्हणण्याची हौस आपल्याकडे पुष्कळ आहे, आणि तिनें इतिहासाची हानि होते. चरकाला अफू ठाऊक नव्हती. सात्म्यत्यागाचा त्याचा नियम मुख्यतः आहारविहाराविषयीं आहे. तो अफूला लावणें हा आपण केलेला विस्तार होय. भारतीय वैद्यकांत अफूचा स्पष्ट प्रवेश मध्ययुगांत होतो. शार्ङ्गधराच्या संहितेंत भांग व अहिफेन यांचीं नांवें ‘व्यवायी’ द्रव्यांचीं उदाहरणें म्हणून येतात. जें द्रव्य पचण्यापूर्वींच सर्व शरीर व्यापतें आणि मग पचतें तें व्यवायी. गुणाचें हें वर्णन मार्मिक आहे. पण अफूच्या संवयीला शरीर कसें बांधलें जातें, याची चर्चा त्या ठिकाणीं नाहीं. तेव्हां शार्ङ्गधराचें विधान चरकाच्या पदरीं घालूं नये, आणि चरकाचें शार्ङ्गधराच्या.

४. गोव्यांतील दोन साक्षीदार

अफूच्या व्यसनी मनुष्याचें प्रत्यक्ष वर्णन पाहावयाचें तर आपणांस गोव्यास जावें लागतें. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य इ. स. १५३४ मध्यें मार्तिम अफोन्सु द सोझा याच्याबरोबर हिंदुस्थानांत आला आणि मरेपर्यंत येथेंच राहिला. मुंबईचें बेट कांहीं काळ त्याच्याकडे खंडानें होतें. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) बुऱ्हाण निजामशहाशीं त्याचा वैद्य म्हणून घरोबा होता. हिंदुस्थानांतील औषधी द्रव्यांवरील त्याचा संवादरूप ग्रंथ गोव्यांतच १५६३ सालीं छापला गेला. त्यांत भांग व अफू यांवर स्वतंत्र संवाद आहेत.

भांगेच्या प्रकरणीं ओर्ता एक गोष्ट सांगतो. गुजराथच्या बहादुरशहानें मार्तिम अफोन्सु याला सांगितलें कीं, रात्रीं पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान, इराण येथें जाऊन यावेंसें वाटलें म्हणजे आपण थोडी भांग घेतों. अफूच्या प्रकरणांत याहून महत्त्वाची नोंद आहे. निजामशहाचा एक चिटणीस मूळचा खुरासानचा होता. तो रोज तीन तोळे अफू खात असे. तो चांगला शिकलेला व कुशल लेखक होता, पण नेहमीं पेंगत असे. तथापि कामाला लावला म्हणजे विद्वान् व समंजस मनुष्यासारखा बोले.

या नोंदींत काय आहे तें पाहावें. रुग्णाचा हुद्दा आहे, मूळ गांव आहे, रोजची मात्रा वजनासह आहे, रिकामपणींची अवस्था आहे, आणि काम सांगितल्यावरची अवस्था आहे. तीन तोळे अफू नवख्याच्या प्राणावर बेतेल. हा मनुष्य ती रोज खाऊन दरबारचें काम करीत होता. म्हणजे संवयीनें शरीराची सहनशक्ति किती वाढते, त्याचें हें मोजमाप झालें. आणि ओर्ता त्या चिटणीसाला दुष्ट किंवा मूर्ख म्हणत नाहीं; दोष आणि गुण दोन्ही शेजारीं शेजारीं लिहून ठेवतो. आज रुग्णालयांत रुग्णाची जी हकीकत लिहून घेतात, तिचें हें निजामशाहींतील उदाहरण समजावें.

दुसरा साक्षीदार क्रिस्तोव्हांव द कोश्ता. तोहि गोव्यास राहून गेलेला वैद्य. त्याचा ग्रंथ १५७८ मध्यें स्पेनमधील बुर्गोस येथें निघाला. परतीच्या समुद्रप्रवासांत जहाजावर तुर्क, इराणी व अरब असे बंदी होते, आणि ते गुपचूप अफू खात. अफू संपली तेव्हां, ती न मिळाल्यास आपण मरूं, असें त्यांनीं वैद्यास सांगितलें. अफू तर नव्हती. तेव्हां त्यांना मद्य देण्यांत आलें; तें हळूहळू कमी केलें; आणि कोणी न मरतां त्यांची अफूहि सुटली, मद्यहि सुटलें, असें तो लिहितो. एका द्रव्याच्या जागीं दुसरें देऊन, मग दुसरें उतरवीत नेण्याची ही रीत होय. तिचें अनुकरण कोणी घरीं करूं नये हें सांगणें अवश्य आहे, कारण मद्य स्वतःच सोडावयास कठीण व धोक्याचें द्रव्य आहे. पण इतिहासाच्या दृष्टीनें हा पुरावा मोलाचा आहे. विद्यार्थ्याचें दुसरें विधान या दोन साक्षींनीं निकालांत निघतें.

५. पेशवाईंतील निर्बंध

आतां राज्यकर्त्यांकडे वळूं. पेशवाईंत मद्यावर निर्बंध होता हें सर्वांस ठाऊक आहे. पण तो सर्वांस एकसारखा नव्हता. पेशव्यांच्या रोजनिशींवरील आपल्या निबंधांत न्यायमूर्ति रानडे यांनीं याचा उल्लेख केला आहे. ब्राह्मण, प्रभु व सरकारी कामगार यांस मद्याची सक्त मनाई होती. परंतु वसई-चौलकडील जो मुलूख पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला, तेथील कोळी, भंडारी इत्यादि लोक परंपरेनें पिणारे असल्यामुळें त्यांच्यापुरती ती सैल करण्यांत आली.

या व्यवस्थेंत जातिभेद आहे हें उघड आहे, आणि तो झांकण्याचें कारण नाहीं. पण तींत दुसरीहि एक गोष्ट आहे. ज्यांच्या हातीं सरकारचें काम त्यांस मनाई, हा मनूच्या राजधर्माचा धागा. आणि जे संवयीचे त्यांस सूट, हा सात्म्याचा धागा. दोन्ही धागे एकाच हुकुमांत आले.

गंमत अशी कीं, तोच दुसरा धागा पुढें पावणेदोनशें वर्षांनीं पुन्हां दिसतो. मुंबई शहरांत १ ऑगस्ट १९३९ रोजीं दारूबंदी सुरू झाली आणि १९४९ मध्यें मुंबई दारूबंदी कायदा झाला. त्या कायद्यांत, मद्य न मिळाल्यास ज्याच्या प्रकृतीस गंभीर व कायमचा अपाय होईल अशा मनुष्यास परवाना देण्याची तरतूद ठेवावी लागली. बंदी करणाऱ्या प्रत्येक सत्तेला शरीराच्या संवयीपुढें कोठें तरी दार ठेवावें लागलें आहे. तेव्हां ‘शिक्षा कीं उपचार’ हा वाद आजचाच आहे हें तिसरें विधानहि टिकत नाहीं. वादाची भाषा बदलली, एवढेंच.

६. १८९३ सालचे दोन आयोग

इंग्रजी अमलांत या प्रश्नाला महसुलाचें तिसरें अंग फुटलें. माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनला जाई आणि सरकारास तीवर मोठें उत्पन्न होई. त्याविरुद्ध विलायतेंत चळवळ झाली, तेव्हां १८९३ मध्यें अफूविषयीं राजकीय आयोग आणि भांग-गांजाविषयीं दुसरा आयोग असे दोन आयोग नेमले गेले. अफूच्या आयोगाचा अहवाल १८९५ मध्यें आला. त्यानें बंदीची आवश्यकता नाकारली, आणि तो महसुलाच्या बाजूनें झुकला हा आक्षेप त्याच्यावर तेव्हांपासून आहे. भांग-गांजाच्या आयोगानेंहि अखेरीस बंदी न करतां नियंत्रण ठेवावें असाच सल्ला दिला. सरकारला सोयीचा निष्कर्ष म्हणून त्याकडेहि सावधपणेंच पाहिलें पाहिजे.

परंतु निष्कर्ष कोणाच्या सोयीचा हा एक प्रश्न, आणि तपासाची रीत कशी हा दुसरा. भांग-गांजा आयोगाची रीत अभ्यासकानें अवश्य पाहावी. त्यानें ७० प्रश्नांची यादी काढली आणि १,१९३ साक्षीदारांची साक्ष घेतली. अधिकारी, वैद्य, शेतकरी असे सर्व प्रकारचे लोक त्यांत आहेत. मुंबई इलाख्यांतील लागवडीच्या संबंधानें आमच्या नगर जिल्ह्याचीहि माहिती त्यांत सांपडते.

त्यांतील सर्वांत उद्बोधक प्रकरण वेड्यांच्या रुग्णालयांचें आहे. गांजानें वेड लागतें असा सरकारी आंकड्यांचा पुरावा होता. १८९२ सालीं रुग्णालयांत दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकीं २२२ रुग्णांच्या वेडाचें कारण ‘गांजा’ असें नोंदलेलें होतें. आयोगानें आंकडा तसाच न घेतां एकेका रुग्णाची हकीकत तपासली. तेव्हां असें दिसून आलें कीं, रुग्णाबरोबर पोलिसांकडून जो कागद येई त्यांत कारणाचा रकाना भरावयाचा असे. रुग्ण गांजा ओढतो एवढें समजलें कीं तेंच कारण म्हणून लिहिलें जाई. छाननीअंतीं २२२ पैकीं ९८ रुग्णच गांजाशीं संबंधित ठरले, म्हणजे शेंकडा सुमारें सवासात. एका रकान्याच्या लेखणीनें निम्म्याहून अधिक माणसांवर खोटें कारण चिकटलें होतें. याच आयोगासाठीं कलकत्त्यास डॉ. कनिंगहॅम यांनीं माकडाला गांजाचा धूर देऊन व पुढें त्याचा मेंदू तपासून प्रयोग केला. व्यसनाच्या अभ्यासांत प्राण्यांवरील प्रयोग या देशांत एकोणिसाव्या शतकांतच झाला होता, हें आमच्या विद्यार्थ्यास नवीन वाटलें.

७. ज्यांनीं निवड केली नाहीं ते

व्यसन म्हणजे केवळ पाप, या मताची खरी कसोटी लागते ती तान्ह्या मुलांपाशीं. मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या बायका कामावर जातांना मुलांना निजवून ठेवण्यासाठीं अफूची ‘बाळगोळी’ देत. हिंदुस्थानांतील कामगारांविषयींच्या राजकीय आयोगानें १९३१ च्या अहवालांत या चालीची दखल घेतली आहे. त्या मुलांनीं कोणता काम किंवा क्रोध केला होता? आणि त्या आयांनाहि दोष कसा द्यावा? घरीं पाहावयास कोणी नाहीं, गिरणींत पाळणाघर नाहीं, आणि हजेरी चुकली तर मजुरी बुडते. येथें व्यसनाचें मूळ गिरणीच्या भोंग्यांत आहे. पाप शोधणाऱ्याला तें दिसणार नाहीं. आणि नुसता मेंदू पाहणाऱ्यालाहि दिसणार नाहीं.

८. प्रयोगशाळेचें देणें

असें असलें तरी विसाव्या शतकानें नवीन कांहीं केलें नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. जुन्या वैद्यांनीं ‘काय होतें’ हें पाहिलें. ‘कां होतें’ हें नव्यांनीं दाखविलें. १९५४ मध्यें कॅनडांत ओल्ड्स व मिल्नर यांना असें आढळलें कीं, मेंदूच्या विवक्षित भागीं विजेचा सूक्ष्म झटका देणारी कळ उंदराच्या हातीं दिली, तर तो ती वारंवार दाबीत राहतो. पुढें १९७३ मध्यें अमेरिकेंत बाल्टिमोर येथें कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनीं, अफूचें सत्त्व मेंदूंत जेथें जाऊन चिकटतें ते ग्राहक-अणु दाखवून दिले. त्याच वर्षीं न्यूयॉर्क व स्वीडन येथील शोधकांनाहि ते सांपडले. पर्टबाई त्या वेळीं विद्यार्थिनी होत्या, ही गोष्ट कात्रजच्या विद्यार्थ्यानें ध्यानांत ठेवावी. मग प्रश्न आला, अफूसाठीं मेंदूंत कुलूप कां असावें? १९७५ मध्यें ह्यूज व कॉस्टरलिट्झ यांनीं स्कॉटलंडांत त्याचें उत्तर दिलें: मेंदू स्वतःच अफूसारखीं द्रव्यें तयार करतो, तीं कुलुपें त्यांच्यासाठीं आहेत.

या शोधांनीं सात्म्याचा उलगडा झाला. बाहेरून अफू सतत येऊं लागली म्हणजे मेंदू आपला तोल तिच्या हिशेबानें बसवितो. म्हणून तीच मात्रा पुरेनाशी होते. अफू एकाएकीं थांबली म्हणजे तो बसविलेला तोल उलट बाजूस कलंडतो; म्हणून जांभया, घाम, अंगदुखी, जुलाब, झोंप उडणें हीं लक्षणें येतात. आणि कांहीं काळ सोडून राहिलेल्या मनुष्याची सहनशक्ति उतरलेली असते, म्हणून त्यानें पुन्हां पूर्वींची मात्रा घेतल्यास प्राणावर बेततें. मद्याच्या बाबतींत चरकानें जो क्षण धोक्याचा म्हणून दाखविला, अफूच्या बाबतींतहि तोच क्षण धोक्याचा ठरतो. कारण मात्र दोहोंचें एक नव्हे.

हें काम परदेशांतच होतें असेंहि नाहीं. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागांत आणि पुण्यास पाषाण येथील आयसर संस्थेंत मद्य व मेंदूंतील सुखाचे मार्ग यांवर उंदरांवरील संशोधन झालें आहे.

९. पुण्यांतील अलीकडचा अनुभव

१९८० नंतरच्या दशकांत ‘गर्द’ या नांवानें अशुद्ध हेरॉइन आपल्या शहरांत शिरलें. १९८५ मध्यें अमली पदार्थांविषयींचा केंद्रीय कायदा झाला. त्यांत शिक्षा कडक आहेत. परंतु जो व्यसनी आपण होऊन उपचार घेईल त्यास खटल्यापासून संरक्षण देणारें कलमहि पुढें त्यांत घालण्यांत आलें. पुन्हां तेच दोन धागे.

पुण्यांत डॉ. अनिता अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयांत काम करीत होत्या. त्यांचे पति अनिल अवचट यांनीं गर्दच्या व्यसनी मुलांमध्यें हिंडून, त्यांच्याशीं बोलून लेखन केलें. तें वाचून पु. ल. देशपांडे यांनीं साहाय्य देऊं केलें आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजीं ‘मुक्तांगण’ हें व्यसनमुक्ति केंद्र सुरू झालें. अनिताबाई १९९७ मध्यें व अनिल अवचट २०२२ मध्यें निवर्तले. केंद्राचें काम चालू आहे. तेथें व्यसनांतून बाहेर पडलेल्या माणसांकडेच नव्या रुग्णांच्या शुश्रूषेचें काम दिलें जातें. ओर्तानें चिटणीसाला जसें बोलतें करून पाहिलें, तसें अवचटांनीं गर्दुल्ल्यांना बोलतें केलें. प्रयोगशाळेला उंदीर बोलून दाखवीत नाहीं. माणूस बोलतो, आणि त्याचें ऐकणें हेंहि साधन आहे.

१०. निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. व्यसन हें पाप व राजदोष समजणारी एक परंपरा आपल्याकडे होती. तिच्याच शेजारीं त्याला शरीराची स्थिति समजणारी वैद्यकाची परंपराहि होती. रुग्णाला पाहून मात्रेसह नोंद करण्याची रीत या भूमीवर निदान १५६३ पासून छापील स्वरूपांत आहे. आणि शिक्षा व सूट यांचा झगडा पेशव्यांच्या हुकुमांपासून १९८५ च्या कायद्यापर्यंत अखंड चालू आहे. या चार शतकांत जेथें जेथें ज्ञानाचें पाऊल पुढें पडलें, तेथें तेथें कोणी तरी रकान्यांतील शब्द बाजूला ठेवून समोरच्या माणसाची हकीकत विचारली आहे.

अभ्यासकास आमच्या सूचना चार. जुन्या ग्रंथांत ‘व्यसन’ शोधावें तसेंच ‘सात्म्य’हि शोधावें. प्रत्येक विधान त्याच्या कालासह मांडावें. चरक, वाग्भट व शार्ङ्गधर यांना एका दावणीस बांधूं नये. पुण्याच्या पुराभिलेखागारांतील पेशवे दप्तरांत कोतवालीचे व जकातीचे कागद आहेत. त्यांत अफू, गांजा व मद्य यांचे उल्लेख कोणत्या कारणानें येतात तें टिपावें. आणि १८९३ च्या आयोगाचे अहवाल वाचतांना शेवटचा निष्कर्ष वाचून थांबूं नये. साक्षी वाचाव्या, कारण तेथें व्यसनी माणसें स्वतः बोलत आहेत.

विद्यार्थ्यानें आपल्या प्रस्तावनेचा खर्डा पुन्हां लिहावयास घेतला आहे. तो पुरा होईल तेव्हां त्यांत आणखी साधनांची भर पडेल अशी आशा आहे. वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहीं या विषयाचे कागद असतील त्यांनीं ते प्रकाशांत आणावे, अशी विनंति करून हा लेख पुरा करतों.